अकराव्या भागानंतर : कोरियन प्रेममालिका आणि प्रेक्षकांचा हिरमोड

२०२५च्या जानेवारीत ‘व्हेन द स्टार्स गॉसिप’ ही मालिका टीव्हीएन या कोरियन वाहिनीवर आणि नेटफ्लिक्सवर सुरू झाली, तेव्हा तिच्याबद्दल उत्सुकता वाटावी असं सगळं जुळून आलेलं होतं. नायक ली मिन-हो, नायिका गोंग ह्यो-जिन. लेखिका सो सुक-ह्यांग. ‘पास्ता’ आणि ‘जेलसी इनकार्नेट’ या मालिकांमधून हिने गोंग ह्यो-जिनला आधीच सुरेख भूमिका दिल्या होत्या. दिग्दर्शक पार्क शिन-वू यांच्या नावावर ‘इट्स ओके टू नॉट बी ओके’सारखी मालिका. कथा घडणार अंतराळ स्थानकावर, आणि खर्चाचा आकडा बातम्यांमधून येत होता ५० अब्ज वॉन. पहिला भाग ३.३ टक्के घरांत पाहिला गेला. नंतर तो आकडा दोनच्या आसपास घुटमळत राहिला आणि शेवटचा भाग २.६वर संपला.

आकड्यांपेक्षा प्रेक्षकांचा संताप जास्त बोलका होता. अंतराळ स्थानकाची कमांडर ईव्ह किम आणि पर्यटक बनून तिथे पोचलेला स्त्रीरोगतज्ज्ञ गोंग र्योंग यांची ही गोष्ट. तो एका गडगंज उद्योगपती घराण्याचा होणारा जावई आहे आणि त्या घराचा वंश पुढे चालावा म्हणून एक गुप्त प्रयोग अंगावर घेऊन वर गेलेला आहे. कल्पना विचित्र असली तरी तिच्यात दम होता. घरदार, समाज, गुरुत्वाकर्षण, सगळं सुटल्यावर दोन माणसं एकमेकांकडे कशी पाहतील, हा प्रश्न प्रेमकथेसाठी सोन्यासारखा आहे. पण मालिका उंदरांच्या आणि फळमाश्यांच्या प्रजननात अडकली, खाली पृथ्वीवर वारसाहक्काच्या कारस्थानांत फिरत राहिली, आणि या दोघांचा जीव एकमेकांवर कधी जडला, का जडला, हे दाखवायचं राहूनच गेलं. शेवटाला ईव्ह अवकाशात बाळाला जन्म देते आणि मरते. सोळा भाग ज्या स्त्रीचं धैर्य, शिस्त आणि कामावरची पकड आपण पाहिली, तिचं आयुष्य एका बाळंतपणात संपवून टाकलं. कोरियातल्या आणि बाहेरच्या प्रेक्षकांना हे असह्य वाटलं, आणि मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं.

अशा रागाकडे पाहायची एक सवय झालेली आहे. प्रेममालिका पाहणाऱ्या बहुतांश बायका, त्यातही तरुण मुली. त्यांना आवडता नट आवडत्या नटीला मिळाला नाही की त्या रुसतात, असं म्हणून विषय मिटवला जातो. गुन्हेकथेत खुनी कोण हे लेखकाने फसवून सांगितलं तर त्याला रचनेतला दोष म्हणतात. प्रेमकथेत माणसाचा स्वभावच रातोरात बदलला आणि त्यावर कुणी बोट ठेवलं, तर तो म्हणे हळवेपणा. खरं तर या मालिका बघणारी बाई पात्रांचा फार बारीक हिशेब ठेवत असते. दुसऱ्या भागात तो काय बोलला, पाचव्या भागात तिने छत्री का परत केली, हे तिला पाठ असतं. बाराव्या भागात तोच माणूस काहीतरी भलतंच वागला, तर ती म्हणते की हा तो माणूस नाही. हा निवाडा समीक्षेचाच आहे.

मग या मालिका नेमक्या कुठे बिघडतात? मी पाहिलेल्या आणि इतरांनी तळतळून सांगितलेल्या मालिकांचा विचार केला, तर बिघाडाची जागा फार क्वचित शेवटच्या भागात असते. सोळा भागांच्या मालिकेत ती अकरा ते चौदा या भागांत असते. दोघांचं प्रेम जुळलेलं आहे, पहिलं चुंबन होऊन गेलंय, आणि अजून सहा-सात तास भरून काढायचे आहेत. एक भाग सत्तर मिनिटांचा धरला तर सगळी मालिका अठरा-एकोणीस तासांची होते. सात-आठ हिंदी सिनेमांइतका हा ऐवज. प्रेम जुळेपर्यंतची ओढ दाखवायला कोरियन लेखिकांइतकं कुणाला जमत नाही. जुळल्यानंतर दोन माणसांनी एकमेकांबरोबर कसं राहायचं, हे लिहायची वेळ आली की मात्र बहुतेक जणी बाहेरून यंत्रं मागवतात. अपघात, स्मृतिभ्रंश, परदेशातली नोकरी, आईचा विरोध, कंपनी गिळायला टपलेला खलनायक, आणि शेवटी पडद्यावर उमटणारी ‘तीन वर्षांनंतर’ ही पाटी.

‘क्वीन ऑफ टिअर्स’ (२०२४) हे याचं ठळक उदाहरण. पार्क जी-उन यांची ही मालिका एका विलक्षण जागेवरून सुरू होते: लग्नाला तीन वर्षं झालेली आहेत, प्रेम आटलेलं आहे, नवऱ्याला घटस्फोट हवा आहे, आणि तेवढ्यात बायकोला गंभीर आजार असल्याचं कळतं. एका घरात राहून परके झालेले दोघं पुन्हा एकमेकांच्या जवळ येतात, हे किम सू-ह्युन आणि किम जी-वॉन यांनी अप्रतिम साकारलं. पहिल्या आठ भागांत संवादांमधल्या शांततासुद्धा बोलतात. शेवटच्या तीन भागांत मात्र शस्त्रक्रियेने गेलेली स्मरणशक्ती, तिचा फायदा घेऊन नवऱ्याबद्दल खोटं सांगणारा खलनायक, नवऱ्याला अटक, मोटारीची धडक, अपहरण आणि बंदुकीच्या गोळ्या, हे सगळं एकापाठोपाठ कोसळतं. ज्या लग्नाची दुरुस्ती बोलण्यातून व्हायला हवी होती ती गोळी झेलून केली गेली. आणि तरीही शेवटच्या भागाने २४.८५ टक्क्यांचा, टीव्हीएनच्या इतिहासातला सर्वोच्च आकडा गाठला. किती लोकांनी पाहिलं यावरून त्यांना ते किती पटलं हे कळत नाही. निर्माते मात्र पहिल्याच गोष्टीची मोजणी करतात.

याची मुळं कोरियन दूरदर्शनच्या कामाच्या पद्धतीत आहेत. ‘विंटर सोनाटा’ (२००२) हिने जपानमध्ये कोरियन प्रेममालिकांची लाट आणली, त्या काळापासून पुढे दीड दशक बहुतेक मालिका आठवड्याला दोन भाग या वेगाने चालायच्या आणि प्रक्षेपण सुरू असतानाच लिहिल्या-चित्रित केल्या जायच्या. त्याला तिथे ‘थेट प्रक्षेपणासारखं चित्रीकरण’ म्हणत. संहिता सेटवर पानापानाने यायची. नटांना सकाळी हातात पडलेला प्रसंग त्याच आठवड्यात घराघरांत दिसायचा. २०११मध्ये ‘स्पाय म्यॉन्ग-वोल’ची नायिका हान ये-सुल हिने या अमानुष वेळापत्रकाला कंटाळून चित्रीकरण सोडलं, ती अमेरिकेला निघून गेली, आणि एका भागाचं प्रक्षेपण चुकलं. अशा घाईत सुरुवातीचे चार भाग महिनोन्‌महिने घडवलेले असत आणि शेवटचे चार झोपेच्या गुंगीत. लोकप्रियता पाहून एखाददुसरा भाग वाढवलाही जाई: ‘माय लव्ह फ्रॉम द स्टार’ वीस भागांची ठरली होती, एकवीसवर संपली.

या पद्धतीत प्रेक्षकाचा आवाज लगेच लेखिकेपर्यंत पोचत असे, आणि त्यातून बरंवाईट दोन्ही घडत गेलं. ‘लव्हर्स इन पॅरिस’ (२००४) आठवा. पन्नास टक्क्यांच्या वर घरं जिच्यासमोर बसत होती, त्या मालिकेचा शेवट असा निघाला की आपण पाहिलेली सगळी प्रेमकथा नायिकेने लिहिलेली एक पटकथा होती. शेवटाची कुणकुण आधीच लागली, विरोध उसळला, तरी तो तसाच दाखवला गेला. तिच्या लेखिकांपैकी एक किम उन-सुक. पुढे ‘सीक्रेट गार्डन’, ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’, ‘गोब्लिन’ अशा एकाहून एक यशस्वी मालिका त्यांनी लिहिल्या, पण तो शेवट आजही कोरियात चुकलेल्या शेवटांच्या चर्चेत पहिला निघतो. वीस वर्षं उलटल्यावरही लोक विसरत नाहीत, यावरून ती जखम किती खोल असते ते कळावं.

२०१६नंतर चित्र पालटायला लागलं. ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’ प्रक्षेपणाआधीच पूर्ण चित्रित झाली होती, कारण ती चीनमध्येही त्याच वेळी दाखवायची होती. ती ३८.८ टक्क्यांवर संपली आणि आगाऊ चित्रीकरणाचं कौतुक सुरू झालं. त्याच वर्षी ‘अनकंट्रोलेबली फाँड’ हीसुद्धा पूर्णपणे आधी चित्रित झालेली, किम वू-बिन आणि सुझी अशी मोठी जोडी असलेली मालिका अपेक्षेच्या मानाने फिकी पडली. २०१८च्या कायद्याने आठवड्याच्या कामाची मर्यादा ६८ तासांवरून ५२ तासांवर आली, प्रसारण क्षेत्राला असलेली सूट निघाली, आणि रात्रंदिवस चालणाऱ्या चित्रीकरणाला लगाम बसू लागला. कामगारांच्या दृष्टीने ही फार गरजेची सुधारणा होती आणि तिचं मोल कमी लेखू नये. प्रेक्षकांना वाटलं, आता शेवटही सुधारतील. तसं झालं नाही. ‘व्हेन द स्टार्स गॉसिप’चं चित्रीकरण प्रक्षेपणाच्या कितीतरी आधी आटोपलं होतं. वेळ होता, पैसा होता, तरी जी चूक पूर्वी घाईत होत असे तीच आता सवडीने झाली. उलट, प्रेक्षक कुठे कंटाळतोय हे कळून वळण बदलायची जी थोडीफार सोय पूर्वी होती, तीही गेली.

कारण मालिका विकली जाते ती कल्पनेवर आणि नावांवर. वाहिनी किंवा ओटीटी मंच पैसे लावतात तेव्हा समोर असतात नट, लेखिकेची कीर्ती, एका ओळीत सांगता येणारी कल्पना आणि फार तर सुरुवातीच्या काही भागांची संहिता. तेराव्या भागात दोघं भांडतील तर कशावरून, हे कुणी विचारत नाही. नेटफ्लिक्सने २०२३मध्ये कोरियन निर्मितीत चार वर्षांत अडीच अब्ज डॉलर ओतण्याची घोषणा केली. नटांचं मानधन वाढलं, दृश्यं देखणी झाली, कथेच्या मधल्या पट्ट्याचं कुपोषण जिथल्या तिथे राहिलं.

जाहिरातींचं ओझं निराळं. कथेच्या आत वस्तू दाखवून केलेली जाहिरात कोरियात २०१०पासून नियमांच्या चौकटीत अधिकृत आहे. सँडविचचं दुकान, कॉफी, चेहऱ्याला लावायचे मास्क यांचे पैसे मिळतात म्हणून प्रसंग लिहिले जातात. किम उन-सुक यांची ‘द किंग : इटर्नल मोनार्क’ (२०२०) ही दोन समांतर जगांची प्रेमकथा. पहिल्याच भागाला अकरा टक्क्यांहून जास्त प्रेक्षक मिळाले आणि पुढे तो आकडा निम्म्यावर घसरला. जगांमधले नियम प्रेक्षकाला नीट समजत नव्हते, नायक-नायिकेचं प्रेम गृहीत धरलेलं होतं, आणि दुसऱ्या विश्वातून आलेला सम्राट कॉफीच्या चवीची तारीफ करत होता. प्रेमकथेत विश्वास ही फार नाजूक वस्तू असते. प्रसंगाच्या मध्यावर दुकान उघडलं की ती तडकते.

आता ज्या तक्रारीवरून सर्वांत जास्त भांडणं होतात, तिच्याकडे यायला हवं: तिने चुकीचा माणूस निवडला. ‘सेकंड लीड’ म्हणजे दुय्यम नायकावर जीव जडण्याचा हा प्रकार के-ड्रामा पाहणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. ‘स्टार्ट-अप’ (२०२०) हिच्यात अनाथ मुलगा हान जी-प्योंग एका प्रेमळ आजीच्या सांगण्यावरून तिच्या एकाकी नातीला, सो दाल-मीला, पत्रं लिहितो, पण सही करतो वर्तमानपत्रात वाचलेल्या दुसऱ्याच मुलाच्या नावाने. बऱ्याच वर्षांनंतर नात त्या नावाच्या मुलाला शोधते. मालिकेने ठरवलेला नायक तो, नाम जू-ह्युकने केलेला नाम दो-सान. किम सॉन-हो जी-प्योंगच्या भूमिकेत लोकांच्या गळ्यातला ताईत बनला आणि अर्धा प्रेक्षकवर्ग शेवटी चिडला. या चिडण्याला नटाच्या आकर्षणापलीकडचं कारण आहे. मालिकेने आपल्या भावनेचा सगळा पाया, ती पत्रं, ती आजी, तो एकाकीपणा, दुय्यम नायकाच्या हाती दिला. मग नायिकेला पत्रांपलीकडचा दो-सान का हवा आहे हे तितक्याच ताकदीने दाखवण्याची जबाबदारी लेखिकेवर येत होती. त्याऐवजी आली तीन वर्षांची उडी. सो दाल-मीने केलेली निवड अन्यायाची नव्हती, पण मालिकेने आपल्याला तिला ती निवड करताना नीट पाहूच दिलं नाही.

‘चीज इन द ट्रॅप’ (२०१६) मध्ये उलटं घडलं. नायक यू जोंग हा गूढ, थंड, कधी भीतिदायक वाटणारा मुलगा. त्याला उलगडणं हाच त्या गोष्टीचा प्राण. उत्तरार्धात तोच पडद्यावरून कमी होत गेला आणि दुय्यम नायकाचा पियानो वाजत राहिला. मूळ वेबटून (इंटरनेटवरची चित्रकथा) काढणाऱ्या सुनक्की यांनी निर्मात्यांनी आपल्याशी संवादच ठेवला नाही असं जाहीरपणे सांगितलं. दोन वर्षांनी यू जोंग साकारणाऱ्या त्याच नटाला घेऊन याच कथेवर चित्रपट निघाला. ‘मेमरीज ऑफ द अल्हाम्ब्रा’मध्ये नायिका हॉस्टेल चालवणारी, गिटार वाजवणारी खमकी मुलगी म्हणून येते आणि पुढे वाट पाहणारी, रडणारी बाई होऊन बसते, नायकाचं काय झालं तेही शेवटी धड कळत नाही. ग्रनाडाच्या गल्ल्यांमध्ये जिची एवढी सुंदर सुरुवात झाली त्या मालिकेबद्दल हे लिहितानाही वाईट वाटतं.

दुःखी शेवटाबद्दल मात्र माझं मत बहुसंख्य चिडलेल्या प्रेक्षकांहून थोडं वेगळं आहे. ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’ (२०२२) पाहून कित्येकांनी ती परत कधीही न पाहण्याची शपथ घेतली. १९९७-९८चं आर्थिक संकट, तलवारबाजी करणारी शाळकरी ना ही-दो, दिवाळखोर घराचा मुलगा बेक यी-जिन. दोघं एकमेकांना सावरतात आणि शेवटी वेगळे होतात. पण मालिकेने हे लपवलेलं नव्हतं. कथा सुरू होते ती ही-दोच्या मुलीला आईची डायरी सापडते तिथून, आणि त्या मुलीचं आडनाव किम आहे, बेक नाही. तरुणपणीचं प्रेम आयुष्यभर टिकत नाही, पण आयुष्य घडवून जातं, हे सांगायचा लेखिकेला हक्क होता. खुपतं ते वेगळं. त्यांच्या ताटातुटीला अकरा सप्टेंबरचा हल्ला, न्यूयॉर्कची बातमीदारी आणि न उचललेले फोन अशी बाहेरची कारणं दोन भागांत कोंबली. जी मुलगी पंधरा भाग प्रत्येक गोष्ट तोंडावर बोलत आली, ती अचानक गप्प बसली. वियोग मान्य, पण तो ही-दोच्या स्वभावातून यायला हवा होता.

‘समथिंग इन द रेन’ (२०१८) बद्दल मी स्वतः अजून स्वतःशी भांडते. पस्तिशीतली नोकरदार यून जिन-आ आणि तिच्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ. पहिले आठ भाग म्हणजे पावसातली छत्री, टेबलाखाली हळूच धरलेला हात, रात्रीची रस्त्यावरची चाल. प्रेमात पडण्याचं इतकं खरं चित्रण मी क्वचित पाहिलं आहे. मग आईचा विरोध सुरू होतो आणि जिन-आ खोटं बोलते, आईने ठरवलेल्या मुलाला भेटायला जाते, दर वेळी तीच चूक करते. पाहताना अक्षरशः ओरडावंसं वाटतं. आणि तरीही घरच्यांपुढे उभं राहू न शकणारी, पस्तिशीतही आईला घाबरणारी, कचेरीत वरिष्ठांचे नकोसे स्पर्श झेलून हसणारी बाई खोटी नाही. ती पुण्यात आहे, नागपुरात आहे, सोलमध्ये आहे. दिग्दर्शक आन पान-सोक यांना तिचं खरेपण दिसलं. पण त्यांनी तिला आठ भाग एकाच वर्तुळात फिरवलं, त्यामुळे खरेपणाचा शीण झाला.

आपल्याकडच्या हिरमोडाला आणखी एक पदर आहे. मणिपूरमध्ये २०००नंतर, हिंदी चित्रपटांवर बंदी आल्यावर, कोरियन मालिका घरोघर पोचल्या. महाराष्ट्रात खरी लाट आली ती २०२०च्या टाळेबंदीत, ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’च्या बरोबरीने आणि पुढे हिंदी डबिंगच्या आधाराने. शेकडो भाग पाणी घालून चाललेल्या मराठी मालिकांना विटलेल्या प्रेक्षकाला एक मैत्रीण सांगते, “सोळाच भाग आहेत गं, आणि संपते.” या संपण्यावर आपला केवढा भरवसा! कथेला सुरुवात-मध्य-शेवट असेल, नायिका तीच राहील, टीआरपीसाठी मेलेला माणूस परत येणार नाही, ही आशा घेऊन आपण तिकडे गेलो. म्हणून तिथे तीच ओढाताण दिसली की दुप्पट लागतं.

आणि असं होणं अटळ नाही, म्हणून जास्त वाटतं. ‘व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स’ (२०१९) मध्येही गोंग ह्यो-जिनच नायिका आहे. एकटीने मूल वाढवणारी, गावाने हिणवलेली दोंग-बेक. त्यातही खुनी आहे, आईचं आजारपण आहे, वियोग आहे. पण दुरावा येतो तो तिच्या मुलाच्या मनातल्या भीतीपायी, आणि मिटतो तो माणसं एकमेकांशी बोलल्यामुळे. त्याच लेखिकेची, इम सांग-चुन यांची ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स’ (२०२५) जेजू बेटावरच्या एका जोडप्याचं आख्खं आयुष्य मांडते. त्यात लहान मूल वादळात जातं, शेवटी नवरा आजारपणात जातो. लोक ढसाढसा रडले. फसवलं गेल्याची तक्रार मात्र फारशी कुणाकडून आली नाही. ए-सून आणि ग्वान-शिक यांचं लग्न फार लवकर होतं, ‘जुळेल की नाही’ हा प्रश्न काही भागांतच संपतो, आणि उरलेली सगळी मालिका त्या जुळलेल्या प्रेमाने रोजच्या गरिबीत, सासरच्या ताटात, मुलांच्या फीमध्ये कसा तग धरला याची आहे. जिथे इतर मालिकांचं इंधन संपतं तिथून ही सुरू होते.

अलीकडे बारा किंवा दहा भागांच्या मालिका वाढल्या आहेत. ‘बिझनेस प्रपोजल’सारखी हलकीफुलकी गोष्ट बारा भागांत नेटकी बसली, आणि तशी हलकी गोष्ट सोळांपर्यंत ओढू नये हे खरंच. पण लांबी कापून मधला प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. बारा भागांच्या मालिकेत तो नवव्या भागात उभा राहील. लेखिकांना आरंभाच्या कल्पनेइतकाच वेळ आणि पैसा प्रेम जुळल्यानंतरच्या प्रसंगांवर मिळायला हवा, संहिता पूर्ण वाचल्याशिवाय नटांच्या नावावर मालिका मंजूर होऊ नये, आणि ‘तीन वर्षांनंतर’ची पाटी लिहिण्याआधी त्या तीन वर्षांत नायिकेने काय केलं हे लेखिकेला स्वतःला तरी माहीत असावं. नवी मालिका जाहीर झाली की मी आता नायक कोण हे नंतर पाहते. आधी लेखिकेचं नाव पाहते, आणि तिच्या मागच्या मालिकेचा तेरावा भाग आठवते.